जुन्या अमेरिकन आर्ट पॉटरीच्या कुंड्या: घ्याव्यात का, आणि विकायच्या कशा?

कुंडीवाली
ओहायो-इंडियानाच्या इस्टेट सेलमध्ये (घरातलं सगळं सामान विकायला काढतात तिथे) जुने प्लांटर, म्हणजे कुंड्या, सर्रास दिसतात. रोझव्हिल, मॅककॉय, वेलर, हल ही कारखान्यांची नावं ऐकून आहे. घेऊन, स्वच्छ करून ऑनलाइन विकण्यात काही अर्थ आहे का? समोर तीन नग आहेत:
१) मोठी हिरवी जार्डिनिअर (शोभेची बाहेरची कुंडी), बुडाला ठळक 'रोझव्हिल' लिहिलंय. बुडाला भोक आहे.
२) बशी चिकटलेली पिवळी कुंडी, 'मॅककॉय'. बाहेरून पांढरे क्षार चढलेत.
३) तपकिरी-हिरवी, दोन कानांची, फुलं उठावाची. शिक्का काहीच नाही.
पहिलीसाठी ९० डॉलर मागताहेत, तिसरीसाठी १५. पहिली घ्यायचा विचार आहे. जाणकारांनी सांगावं.

रिकामटेकडा_डेटन
तुळस लावा आणि मोकळ्या व्हा.

चिनीमाती
पहिलीच्या बुडावर नेमकं काय लिहिलंय ते अक्षरन् अक्षर द्या. नुसतं 'रोझव्हिल' सांगून चालणार नाही. रोझव्हिल हे ओहायोतल्या गावाचंही नाव आहे आणि कंपनीचंही. गंमत म्हणजे रोझव्हिल पॉटरी १८९० मध्ये त्या गावात सुरू झाली खरी, पण पुढे कारभार ओहायोतल्याच झेन्सव्हिलला हलवला आणि १९५४ मध्ये बंद पडेपर्यंत तिथेच राहिली. ज्या मालासाठी लोक पैसे मोजतात तो बहुतेक सगळा झेन्सव्हिलचा. येवल्याला विणलेल्या पैठणीसारखंच.

खापरपणजोबा
नावातच खापर असल्यामुळे बोलणं भाग आहे.

शिक्का शेवटी बघायचा. आधी बूड, मग काठ, मग कान, मग आतली बाजू, आणि सगळं पटलं तरच शिक्का. नवखे लोक नेमकं उलटं करतात, आणि नकला करणाऱ्यांचं पोट त्यावरच चालतं.

रोझव्हिलचे शिक्के साधारण असे. १९२०च्या दशकापासून तीसच्या दशकाच्या मध्यापर्यंत बऱ्याच मालावर कागदाचं किंवा फॉइलचं लेबल असायचं. ते धुण्यात गेलं की कुंडी निनावी. कधीकधी बुडाला मेणाच्या खडूने, बहुधा लाल किंवा निळ्या, घाटाचा आकडा लिहिलेला सापडतो. मग काही वर्षं मातीत दाबलेली तिरकी अक्षरं. आणि त्यानंतर, चाळीसच्या दशकात सगळीकडे दिसतो तो उठावाचा शिक्का: रोझव्हिल, यू.एस.ए., आणि आकडे. डॅशच्या आधीचा आकडा घाटाचा, नंतरचा इंचातल्या मापाचा.

चिनी नकला १९९०च्या दशकाच्या मध्यापासून आल्या. मॅग्नोलिया, झेफर लिली, जॉनक्विल, ल्यूफा, अशा नक्ष्यांच्या. बहुतेकींवर 'यू.एस.ए.' नसतं, काहींवर पुसट असतं. पण एवढ्यावर निकाल देऊ नका, कारण दाबलेल्या अक्षरांच्या खऱ्या शिक्क्यातही 'यू.एस.ए.' नसतंच. संशय घ्यायचा तो *उठावाची अक्षरं असून* यू.एस.ए. नसेल तेव्हा. मग नक्षी बघा. अस्सल मालात पाकळीची कड बोटाला लागते, देठ आणि पान वेगळं कळतं. नकलेत सगळं लोण्यासारखं वितळलेलं, कान जाड, आणि रंग असा की लग्नाच्या मांडवाची आठवण यावी.

ओहायोकर
+१. साच्याबद्दल एक भर. मूळ भांड्यावरून साचा काढून नक्कल केली की ती लहान होते, कारण ओली माती वाळताना आणि भाजताना आक्रसते. मातीप्रमाणे दहाएक टक्क्यांपर्यंत फरक पडतो. म्हणजे ८ इंची नगाची नक्कल सव्वासातच्या आसपास. टेप खिशात ठेवा आणि संग्राहकांच्या याद्यांमधलं माप ताडून बघा. मात्र मोठा साचा बनवून केलेल्या नकला मापात बसतात, त्यामुळे माप जुळलं म्हणून नग खरा ठरत नाही. माप चुकलं तर मात्र सावध.

मॅककॉयच्या बाबतीत आणखी भानगड. मूळ कंपनीने नाव नीट नोंदवून राखलं नव्हतं, त्यामुळे १९९०च्या दशकात टेनेसीत भलत्याच माणसाने 'मॅककॉय' शिक्क्याचा नवा माल काढला. त्यात कुकी जार जास्त, पण सावध असावं.

सोनचाफा
अवांतर प्रश्न: मॅककॉयला आर्ट पॉटरी म्हणायचं का? ती तर फुलवाल्याच्या दुकानातली स्वस्त कुंडी होती.

चिनीमाती
काटेकोर बोलायचं तर नाही. आर्ट पॉटरी म्हणजे सिनसिनाटीची रूकवुड (१८८०, मराया लाँगवर्थ निकल्स यांनी काढलेली), बोस्टनची ग्रूबी, न्यू ऑर्लिन्सची न्यूकम कॉलेज, कोलोरॅडो स्प्रिंग्जची व्हॅन ब्रिगल, फ्लेमिंग्टनची फुल्पर. हाताने रंगवलेला किंवा ग्लेझवर (वरच्या काचेसारख्या थरावर) जीव लावून केलेला माल. वेलर आणि रोझव्हिलने सुरुवात तशी केली आणि नंतर साच्यातल्या मालाकडे वळल्या. मॅककॉय, हल, शॉनी ही कारखान्याची पॉटरी. पण बाजारात सगळं एकाच फळीवर मांडतात.

'अँटिक' शब्दही जपून. अमेरिकन कस्टम्सच्या लेखी शंभर वर्षांपलीकडचं ते अँटिक. १९५०ची मॅककॉय व्हिंटेज. वर्णनात 'अँटिक' लिहिलंत की एखादा खडूस ग्राहक तेवढ्यावर नग परत करतो.

खापरपणजोबा
रूकवुडचा शिक्का म्हणजे पंचांग आहे, तेवढा पाठच करा. उलटा आर आणि पी एकमेकांना पाठ लावून, १८८६ पासून. १८८७ पासून दरवर्षी भोवती एक ज्योत वाढत गेली. १९०० मध्ये चौदा ज्योती झाल्या. १९०१ पासून खाली रोमन आकडे. XXI असेल तर १९२१. शिवाय घाटाचा क्रमांक आणि मापाचं अक्षर. शिक्क्यातून चाकाने घासलेला क्रॉस गेला असेल तर कारखान्याने तो नग दुय्यम ठरवलाय, भाव त्याच हिशेबाने.

रिकामटेकडा_डेटन
XXI मराठीत लिहिलं असतं तर २१ कळलं असतं. हलकं घ्या.

मडकेवाला
तडा ओळखायला माठ वाजवून घेतो तसंच. कुंडी पालथ्या हातावर पेला, बोटाच्या पेराने हलकं टिचकवा. ही माती कमी तापमानावर भाजलेली आहे, चिनी मातीच्या कपासारखी टणटण अपेक्षू नका. अखंड नग बुटका पण स्वच्छ आवाज देतो, तडा असेल तर भद्द. आवाज काठाभोवती चार ठिकाणी घ्या.

दुरुस्ती लपवलेली असेल तर:
यूव्ही टॉर्च अंधारात मारा. एपॉक्सी आणि वरचा रंग दुधाळ किंवा पिवळट चमकतो. पण काही ग्लेझ स्वतःच चमकतात आणि दुरुस्तीचे काही नवे रंग अजिबात चमकत नाहीत, तेव्हा टॉर्च म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. कानाचे सांधे आणि काठ दाताला हलके टेकवा. ग्लेझ टिक्क वाजतं, राळ गप्प बसते. ग्लेझ हाताला गार लागतं, भरलेली जागा कोमट. सुई ओढू नका, नग तुमचा नाही.

सोनचाफा
सेलमध्ये कुंडी दाताला लावणारं माणूस बघून यजमान काय म्हणेल!

मडकेवाला
मोती आणि नाणीही लोक चावून बघतात. कुंडीनेच काय पाप केलंय.

पर्णकुटी
भोकाबद्दल कुणीच बोललं नाही. जार्डिनिअर मुळात बिनभोकाची असते, आत साध्या कुंडीतलं झाड ठेवायचं आणि वरून शोभेची. नंतर कुणीतरी ड्रिल मारतं. ओळख सोपी: कारखान्याचं भोक कच्च्या मातीत पाडलेलं, त्यामुळे कड गोलसर आणि बहुधा ग्लेझ आत उतरलेलं. ड्रिलच्या भोकाची कड कोरी, मातीचा रंग उघडा, आणि खालच्या बाजूला टवके. हँगिंग बास्केटच्या काठावरची साखळीची तीन भोकं मात्र मूळचीच. ड्रिल मारलेला नग साधारण तडा गेलेल्याच्या पंक्तीला बसतो.

झाड लावायचंच असेल तर प्लास्टिकचं भांडं आत ठेवा. माती थेट भरली की पाणी ग्लेझला पडलेल्या बारीक तड्यांच्या जाळीतून अंगात मुरतं आणि क्षार बाहेर येतात. कुंडीवालींच्या दुसऱ्या नगाला हेच झालंय.

कुंडीवाली
ते क्षार कसे काढायचे? व्हिनेगर?

चिनीमाती
थांबा! आधी ग्लेझ चमकदार की मॅट (बिनचमकेचं) ते सांगा.

मॅट ग्लेझवर व्हिनेगर नको. आम्ल वरचा थर खातं आणि तिथे कायमचा फिका डाग पडतो. चमकदार असलं तरी जुन्या ग्लेझमध्ये शिसं असतं आणि व्हिनेगर ते बाहेर काढतं. म्हणून क्रम असा: आधी अर्धा तास साध्या पाण्यात, म्हणजे अंगातली छिद्रं पाण्याने भरतात आणि पुढचं द्रावण आत शिरत नाही. मग लाकडी काडीने किंवा जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडा. निम्मे क्षार इथेच जातात. उरलेल्यावर एक भाग व्हिनेगर, तीन भाग पाणी, कापसाच्या बोळ्याने फक्त त्या जागी, दोन-तीन मिनिटं, आणि भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे घाला, ते पाणी भाजीच्या वाफ्यात ओतू नका. आणि या कुंड्यांत पुदिना-कोथिंबीर लावू नका, त्याचं कारण तेच शिसं.

तपकिरी डाग जाळीत उतरलेले असतील तर हायड्रोजन पेरॉक्साइड. सलूनच्या दुकानात मिळतं ते पाण्यासारखं, १२ टक्क्यांचं. नग बुडेल एवढं, झाकण सैल (वायू सुटतो, घट्ट लावलंत तर डबा फुगतो), दोन-चार दिवस. मग साध्या पाण्यात तेवढाच वेळ आणि सावकाश वाळवा. ओव्हनमध्ये गरम करायचा सल्ला नेटवर दिसेल, करू नका, जाळी रुंदावते.

ओहायोकर
दोन गोष्टी राहिल्या. क्लोरीनचं ब्लीच कधीच नको. क्षार अंगात राहतात, वाळताना स्फटिक होतात आणि महिन्याभराने ग्लेझ पापुद्र्यासारखं सुटायला लागतं. तोवर नग ग्राहकाच्या घरी असतो. दुसरं, मॅककॉय, शॉनीच्या काही नगांवर न भाजलेला रंग असतो, 'कोल्ड पेंट'. लाल चोच, सोनेरी पट्टी वगैरे. पाण्यात ठेवलंत की चोच गायब. आधी ओल्या कापसाने एक ठिपका पुसून बघा.

रिकामटेकडा_डेटन
इथे भांडी घासायला एवढा अभ्यास लागत असेल तर आमच्या घरी कुणाला सांगू नका.

खापरपणजोबा
हलबद्दल एक खूण, झटपट उपयोगी. क्रुक्सव्हिलचा हा कारखाना जून १९५० मध्ये पुराने आणि त्यातून लागलेल्या आगीने गेला, १९५२ मध्ये पुन्हा सुरू झाला. त्याआधीचा बराच माल मॅट, गुलाबी-निळ्या छटांचा. नंतरचा चमकदार. 'वुडलँड' नक्षी दोन्ही प्रकारांत सापडते, कारण ती मधोमध आली. मॅटला भाव जास्त.

जार्डिनिअर आणि तिचा खांब जोडीने विकायला आले तर पत्रिका जुळवून बघा. या धंद्यात वेगवेगळ्या घरच्या दोन नगांना 'लग्न लावलेले' म्हणतात. नक्षी एक, छटा एक, आणि खांबाच्या माथ्यावरच्या बैठकीत जार्डिनिअरचं बूड डगमगता कामा नये. डगमगलं तर स्थळ बाहेरचं.

सोनचाफा
बहुतेक स्थळं डगमगतातच.

पर्णकुटी
पैशाचं बोला आता. मागितलेल्या किमती बघू नका, ईबेवर 'विकलेले' हा फिल्टर लावा. कुणीही ४०० डॉलर मागू शकतो, दोन वर्षं मागत बसतो.

हिशेब: नग ८० ला गेला, पोस्टेज २५ घेतलं, एकूण १०५. विक्रीकर समजा सात टक्के, ७.३५. ईबेचं कमिशन साडेतेरा टक्के धरा, आणि ते *करासकट* रकमेवर लागतं, म्हणजे ११२.३५ वर १५.१७. १०५ मधून ते, खरं पोस्टेज २५ आणि खोके-बबलरॅपचे ५ वजा करा: उरले ५९.८३. आता यातून खरेदी आणि पेट्रोल. ४० ला घेतला असेल तर एका संध्याकाळच्या कामाचे वीसही सुटत नाहीत.

ओहायोकर
आणि मोठा नग तर कुरियरच खातो, कारण भाडं खोक्याच्या आकारावरही लागतं. १८ इंची चौकोनी खोकं: १८×१८×१८ = ५८३२ घनइंच, त्याला फेडेक्सच्या ठरलेल्या भाजकाने, १३९ ने, भागलं की ४२ पौंडाचं भाडं, आत १२ पौंडाची कुंडी का असेना. जार्डिनिअर-खांबाची जोडी म्हणूनच गावातल्या गावात विकावी, ग्राहकाने येऊन न्यावी. वॉल पॉकेट (भिंतीला टांगायची कुंडी) आणि सहा-आठ इंची प्लांटर पोस्टाने पाठवायला बरे.

पॅकिंग: कान आहेत तिथेच मोडतं. कानाच्या वर-खाली बबलरॅपच्या घड्या भरून आधी अंग सपाट करा, मग सगळ्याभोवती गुंडाळा. आतली पोकळी हलकी भरा, कोंबू नका, आतून दाब आला तर काठच उडतो. खोक्यात खोकं, दोन्ही खोक्यांमध्ये चारी बाजूंनी किमान दोन इंच जागा. बंद करून हलवा. काही सरकल्यासारखं वाटलं तर उघडा. नाहीतर शेवटी खापर तुमच्याच डोक्यावर फुटतं.

मडकेवाला
फोटो: समोर, मागे, दोन्ही बाजू, आत, बूड, शिक्का जवळून, आणि प्रत्येक टवका नाण्याशेजारी ठेवून. मापात तोंडाचा आतला व्यास द्याच, झाडवाले ग्राहक पहिला प्रश्न तोच विचारतात. टवका आणि कारखान्यातला दोष यात गल्लत नको: ग्लेझ न बसलेली जागा भट्टीतून तशीच आलेली, तिची कड गुळगुळीत. टवक्याची कड धारदार. बुडाच्या कडेला घासल्याच्या बारीक खुणा कारखान्यातच होतात, त्याला ग्राहक हरकत घेत नाही, पण लिहा.

चांगला रूकवुड किंवा ग्रूबी हाती लागला तर ईबेवर टाकू नका. सिनसिनाटीचे हमलर अँड नोलन, न्यू जर्सीतले लॅम्बर्टव्हिलचे रागो, असे याच मालाचे लिलाववाले आहेत. दलाली जाते, पण बघणारे डोळे जाणते असतात.

सोनचाफा
हे पुण्याला नेऊन विकता येईल का? अँटिकचा शौक तिकडेही आहे.

चिनीमाती
मॅककॉयला तिकडे ओळखतं कोण? गिऱ्हाईक इथेच आहे. उलटी दिशा जास्त रंजक: मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली १८७०च्या दशकात ग्लेझची भांडी होत होती, म्हणजे रूकवुडच्या आधीपासून. त्यावर वेगळा धागा काढा कुणीतरी.

कुंडीवाली
सगळ्यांचे आभार. पहिलीच्या बुडाचा फोटो मोठा करून वाचला: 'आर आर पी कं., रोझव्हिल, ओहायो, यू.एस.ए.' आणि एक आकडा. भोकाची कड कोरी आहे, खाली टवके आहेत. तिसरीला शिक्का नाही, पण बुडाला लालसर खडूची रेघ आहे, आकड्यासारखी.

चिनीमाती
घ्या! आर आर पी म्हणजे रॉबिन्सन रॅन्सबॉटम, रोझव्हिल गावातलाच पण वेगळा कारखाना. बागेतल्या दणकट कुंड्या करायचा. यात नक्कल काही नाही, त्यांचा शिक्का प्रामाणिक आहे. विकणारा 'रोझव्हिल' एवढंच वाचून भाव लावतो, तोच अप्रामाणिक किंवा अडाणी. ड्रिल मारलेल्या आर आर पी ला ९० कुणी देणार नाही. तुळशीला मात्र उत्तम, भोकही आयतंच आहे.

रिकामटेकडा_डेटन
म्हणजे पहिला प्रतिसाद बरोबर होता. नोंद घ्यावी.

खापरपणजोबा
तिसरीचं बोला. खडू पाण्याने पुसू नका, कापडही लावू नका! तिरक्या उजेडात फोटो काढा. आकडा वाचता आला तर घाटांच्या यादीत नक्षीशी जुळवा. फुलं कसली आहेत? पाकळ्या पिवळ्या आणि मधोमध तपकिरी गोल असेल तर सनफ्लॉवर असू शकेल, जांभळट घोस असतील तर विस्टेरिया. दोन्ही १९३०च्या आसपासच्या, लेबलवाल्या काळातल्या, आणि दोन्हींना मागणी आहे. कानांचे सांधे आणि काठ टॉर्चखाली बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पण १५ डॉलरच मागत असतील तर फार वेळ टॉर्चही मारत बसू नका.

कुंडीवाली
घोस आहेत. जांभळट.

मडकेवाला
मग इथे काय करताय? निघा!